गिटारच्या खुंट्या आणि चमचाभर रांगोळी

तार लावावी तर आम्हीच! मिरजेहून आगगाडीत मांडीवर घेऊन आणलेला तंबोरा मी दिल्लीत चाळीस वर्षं सांभाळला. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात मे महिन्यात लूच्या गरम झळा सुटल्या, की लाकूड सुकायचं, खुंट्या सैल पडायच्या आणि गाणं रंगात आलं की तार हळूच उतरायची. मग खुंटी काढायची, खडू घासायचा, पिळून बसवायची. पाच मिनिटांचं काम! वरच्या मजल्यावरच्या सतार वाजवणाऱ्या बंगाली बाईसुद्धा माझ्याकडेच यायच्या. तो तंबोरा मी पुढे एका शिकणाऱ्या मुलीला देऊन टाकला, पण हातातली कला कुठे जाते?

म्हणून आमच्या नातीची, केतकीची, गिटार बिघडली तेव्हा मी पदर खोचला.

केतकी तेरा वर्षांची. त्या रविवारी फरीदाबादला आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं संमेलन होतं आणि दुपारी चारला ती पहिल्यांदाच स्टेजवर वाजवणार होती. दोन महिने एकच गाणं चाललं होतं. आमचा कुकरसुद्धा त्या तालात शिट्ट्या द्यायला लागला होता! आणि ऐन वेळी तारा गंजलेल्या, दोन खुंट्या घसरणाऱ्या. नव्या तारा आणून ठेवल्या होत्या, पण त्या लावून द्यायला येणारे तिचे गिटारचे विश्वजित सर लग्नाला पानिपतला गेलेले. सकाळी त्यांचा फोन आला, "धुकं आहे, गाडी मुंगीच्या चालीने चाललीय, चारपर्यंत पोचत नाही."

केतकीचा चेहरा उतरला.

"तू ट्यूशनला जा," मी म्हटलं. "मी लावून ठेवते."

"आजी, यार, ही गिटार आहे!"

"तारा आहेत ना? खुंट्या आहेत ना?"

"खुंट्या मतलब?"

"जे पिळायचं ते!"

"पक्का येतं तुला?"

"बिल्कुल!"

आमचे हे, श्यामकांत, पेपराआडून म्हणाले, "अहिल्या, ज्या खात्याचं काम त्या खात्याकडे जाऊ दे." चौतीस वर्षं केंद्र सरकारात काढली, घरातलं मीठ संपलं तरी ह्यांना आधी टिप्पणी लागते!

मी कामाला लागले. तारा खालच्या बाजूला पांढऱ्या बुचांनी अडकवलेल्या होत्या. पहिलं बूच उपटलं ते उडून थेट आमटीत! पळीने काढून धुतलं. पिवळं झालं ते झालंच. मग नव्या तारा चढवल्या. सगळ्यात बारीक तार पिळता पिळता 'टण्ण' करून तुटली आणि ह्यांच्या पेपराला भोक पाडून गेली.

"बातमी गेली," हे म्हणाले.

"पाच उरल्यात. तंबोऱ्याला चारच पुरतात!"

आता लावायच्या कशात? मला एकच लावणं येतं. एक पंचम, बाकी सगळे षड्ज, तेही केतकीच्या पट्टीत. राहिल्या घसरणाऱ्या खुंट्या. खडू शोधला. हल्ली घरात खडू कुठला! पण देवघरात रांगोळी होती. थंडीने गोठलेलं खोबरेल उन्हात धरण्याइतकं ऊन नव्हतं, म्हणून गरम पाण्यात धरलं, त्यात चमचाभर रांगोळी कालवली आणि खुंट्यांच्या दातेरी चाकांत बोटाने भरली. सहाही खुंट्यांत. उगाच दुजाभाव नको!

अर्ध्या तासात खोबरेल पुन्हा गोठलं आणि खुंट्या अशा बसल्या, की हलायचं नाव नाही. मी विजयी मुद्रेने चहा केला.

दीडला केतकी आली. गिटार गळ्यात घातली, बोटं ठेवली, हात फिरवला, आणि किंचाळली.

"आजी! सगळे कॉर्ड्स गलत! हे तर तंबोऱ्यासारखं वाजतंय!"

"गोड वाजतंय की!"

"मला गोड नकोय, बरोबर पाहिजे!"

ती खुंटी पिळायला गेली. करकर आवाज आला. खुंटी जागची हलेना. दुसरी हलेना. तिसरी तर जन्मापासून तशीच असल्यासारखी! मी शेजारच्या कृष्णातरावांना हाक मारली. कोल्हापूरकडचे, निवृत्त सुभेदार. पक्कड घेऊनच आले.

"सरका काकू! आम्ही तोफा खोलल्यात!"

त्यांनी पक्कड लावली. 'कडाक!' खुंटीचं प्लास्टिकचं बोंड त्यांच्या हातात.

"काकू, माल डुप्लिकेट हाय," असं म्हणून सुभेदारांनी माघार घेतली.

केतकी जमिनीवर बसली. "माझं नाव काढून टाका," एवढंच म्हणाली. रडली असती तर परवडलं असतं. दोन महिने बोटांना घट्टे पाडून घेतलेली पोर!

"केतू," मी हळूच म्हटलं, "मी शिकवलेली ती भूपाळी अजून येते तुला? तू गा. ही लागलीच आहे तुझ्या पट्टीत. मी मागे बसून छेडते."

"सकाळचं गाणं? दुपारी चारला?"

पेपराआडून आवाज आला, "जानेवारीत दिल्लीचा सूर्य तीनच्या आत उगवतो कुठे? वेळेवरच आहे."

केतकीला हसू फुटलं, आणि मी गिटार उचलली.

स्टेजवर मंडळाच्या लतिकाताईंनी माइकवर जाहीर केलं, "गायन, केतकी! आणि गिटारवर, अहिल्याआजी!" मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी सतरंजीवर मांडी घालून गिटार उभी धरली आणि तारांवरून बोट फिरवायला लागले. पहिल्या ओळीला केतकीचा आवाज कापला. मग तिला षड्ज सापडला, आणि पोरगी अशी गायली, की शेंगदाण्याचे लाडू खाणारी मंडळी चावायची थांबली! टाळ्या थांबेनात. 'वन्स मोअर' झाला.

मला काही राहवलं नाही. माइक ओढला आणि सांगून टाकलं, "हिच्या गळ्यात गाणं आहे! उद्यापासून पहाटे पाचला रियाज, मी स्वतः घेणार!"

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. केतकी सोडून.

थोड्या वेळाने तिला लाडू द्यायला पडद्यामागे गेले. बाईसाहेब गिटार उराशी धरून फोनवर होत्या.

"सर, कुठवर आलात? प्लीज सरळ हॉलवर या. गिटार आजच ठीक करायचीय... हां सर, प्रोग्राम तर झाला, मस्त झाला. पण उद्या पहाटे पाचच्या आत मी गिटारवाली झालेली असायला पाहिजे!"