व्हॅनकाकांची खरी नक्कल

मुलांची ने-आण करणाऱ्या सर्व चालकांनी आपल्या अटकेच्या व घटनांच्या नोंदींची खरी नक्कल स्थानिक पोलीस ठाण्यातून आणून शुक्रवारी शाळेत जमा करावी, अन्यथा सोमवारपासून व्हॅन फाटकाबाहेर उभी राहील, असे मुख्याध्यापिकाबाईंनी कळवले. निर्णय योग्यच होता. मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की सगळे निर्णय योग्यच असतात.

व्हॅनकाकांना काळजी वाटली नाही. त्यांना आयुष्यात कुणी पकडले नव्हते. लहानपणी लपंडावातसुद्धा त्यांना शोधायला कुणी येत नसे. व्हॅन ते इतकी सावकाश चालवीत की मागे लागलेली कुत्री थोड्या वेळाने कंटाळून पुढे निघून जात. कुठल्या वळणावर कुठल्या मुलाला मळमळते हे त्यांना त्या मुलाच्या आईआधी कळे. आणि घरची चूल त्या व्हॅनवरच पेटत होती, त्यामुळे शाळेचे फाटक बंद म्हणजे चूलही बंद, एवढा साधा हिशेब होता.

"कर नाही त्याला डर कशाला?" ते बायकोला म्हणाले.

"तरी इस्त्रीचा शर्ट घालून जा. पोलीस आधी कपडे बघतात आणि मग माणूस," बायको म्हणाली.

गुरुवारी मुलांना शाळेत सोडून काका ठाण्यात गेले. नकलेची खिडकी जिन्याखाली होती. वर पाटी होती: 'अर्जदाराने नाव, घटनेची तारीख, ठिकाण व नोंद क्रमांक द्यावा. नोंद क्रमांक माहीत नसल्यास तो नकलेवर पाहावा.' काकांनी पाटी दोनदा वाचली आणि चष्मा पुसून आणखी एकदा वाचली.

"क्रमांक?" खिडकीतल्या नक्कलबाईंनी मान वर न करता विचारले.

"क्रमांक नाही."

"मग अटकेची तारीख सांगा."

"अटक झालीच नाही हो. तेवढंच लिहून हवंय."

आता बाईंनी मान वर केली. "काका, नक्कल म्हणजे काय? मूळ कागदासारखा दुसरा कागद. तुमचा मूळ कागदच नाही, तर मी नक्कल कशाची काढू? हवेची?"

"मग 'काही नाही' असं लिहून द्या."

"'आहे' असं लिहायला मला एक फाईल बघावी लागते. 'नाही' असं लिहायला सगळ्या बघाव्या लागतील. तुम्ही काही केलं नाहीत, त्याची शिक्षा मला का?"

मागून एका टापटीप गृहस्थाने खिडकीत हात घातला. "बाई, माझं नेहमीचं."

बाईंनी लगेच जाडजूड गठ्ठा काढून दिला. "आईचे गुडघे कसे आहेत आता?"

"जिने चढायला लागली, तुमची कृपा."

हा गृहस्थ व्यवसायाने पाकीटमार असून ठाण्यात त्याला शेठ म्हणत. काकांचा पडलेला चेहरा पाहून त्याला राहवले नाही. त्याने त्यांना बाकावर बसवले.

"काय हे काका! इतकी वर्षं राहताय आणि ठाण्यात खातं नाही? अडीनडीला काय करणार होतात?"

"आता काय करू?"

"काहीतरी छोटंसं नोंदवून टाका. गुन्हा नको, घटना. घटना म्हणजे काहीही. हरवलं, सापडलं. एकदा क्रमांक पडला की माणूस जन्माला आला बघा." शेठने त्यांच्या पाठीवर थोपटले आणि तो निघून गेला. काकांनी चटकन खिसा चाचपला. पाकीट जागेवर होते. आतला ऐवज पाहून शेठने ते दयेने परत ठेवले होते.

सल्ला काकांना पटला. व्हॅनच्या मागच्या आसनाखाली गुलाबी झाकणाची एक पाण्याची बाटली होती. मागच्या परीक्षेपासून तिच्यावर कुणी हक्क सांगितला नव्हता. दुपारी ती घेऊन ते ठाणे अंमलदारासमोर उभे राहिले. अंमलदार मायाळू होता. त्याने नवे पेन काढले.

"कुणाची बाटली?"

"कुणातरी मुलाची."

"होती कुणाकडे?"

"माझ्याच गाडीत होती, साहेब. बरेच दिवस."

अंमलदार मोठ्याने बोलत लिहू लागला. "अज्ञात अल्पवयीन व्यक्तीची मालमत्ता सदर प्रौढ इसमाने दीर्घकाळ आपल्या कब्जात ठेवली."

"अहो साहेब, सापडली असं लिहा ना!"

"ते पुढच्या ओळीत आहे. सदर इसम बाटलीसह सापडला."

काकांच्या इस्त्रीच्या शर्टाला घाम फुटला. ते म्हणाले, "मला जरा नीट सांगू द्या."

"त्यालाच जबाब म्हणतात. पण फिर्यादींचे जबाब सकाळी असतात, आरोपींचे दुपारी. उद्या सकाळी या."

"उद्या सकाळी मुलांना आणायचं असतं! आणि उद्याच कागद द्यायचाय."

अंमलदाराने बराच विचार केला. काकांसाठी काहीतरी करावे असे त्याला मनापासून वाटत होते. "मग असं करू, आरोपींच्या वेळेत बसवून टाकतो. तुम्ही काय, घरचेच."

अशा रीतीने निव्वळ सोयीखातर काकांना अटक झाली. अटक चहा निवेपर्यंत टिकली. बाटलीचा पंचनामा करायला पंच हवा होता. शेठ दुपारी पुन्हा आवारात आलेला असल्याने धावून आला. त्याने खणखणीत सही केली आणि 'मी या इसमास व त्याच्या आर्थिक स्थितीस ओळखतो' असेही स्वहस्ते लिहून दिले. मग सुटकेचा रकाना आला.

"इथे निर्दोष लिहा, साहेब," काका हात जोडून म्हणाले.

"निर्दोष कोर्ट लिहितं. त्यासाठी खटला भरावा लागेल. भरू?"

"नको, नको!"

"मग आमच्याकडे दोनच शब्द आहेत. पुरावा मिळाला आणि पुरावा मिळाला नाही." त्याने उदारपणे दुसरा लिहिला.

खिडकीवर या वेळी क्रमांक विचारताच काकांनी तो न अडखळता सांगितला. नक्कलबाईंचा चेहरा खुलला. "बघा, किती सोपं असतं!" असे म्हणून त्यांनी लगेच शिक्का मारला आणि काकांना बसायला खुर्ची दिली.

शुक्रवारी बाकीचे सर्व चालक शाळेत रिकाम्या हाताने उभे होते. त्यांच्यापैकी कुणी कधी काही केलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या व्हॅन सोमवारपासून बंद ठरल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी काकांची नक्कल हातात घेऊन शिक्का तपासला.

"शाब्बास. नियम पाळणारे तुम्ही एकटेच निघालात. ही नक्कल व्हॅनच्या पुढच्या काचेवर लावा. पालकांना विश्वास वाटला पाहिजे."

"बाई, आपण एकदा वाचून बघाल का?"

"कागद मागवायचा असतो तो फाईल पूर्ण व्हावी म्हणून, काका. वाचत बसले तर शाळा कधी चालवू?"

सोमवारी सकाळी पहिल्या थांब्यावर एका बापाने काचेवरचा मजकूर मोठ्याने वाचला. "अल्पवयीन… कब्जात… पुरावा मिळाला नाही."

"पुरावासुद्धा मागे ठेवला नाही!" शेजारची आई हादरून म्हणाली. "किती मुरलेला असेल!"

"अहो ताई, काही नव्हतं. नुसती बाटली होती."

"अगं बाई, बाटलीपण होती?"

आधीच चढून बसलेल्या एका मुलीला तिच्या आजोबांनी दप्तराच्या पट्ट्याला धरून खाली ओढले. "काकांनी काय केलं?" असे ती विचारत होती, पण हा प्रश्न लहान मुलांनी विचारण्यासारखा नाही, असे तिला सांगण्यात आले. पुढच्या थांब्यांवर व्हॅनच्या आधी बातमी पोचली होती. व्हॅनच्या वेगामुळे ते फारसे अवघड नव्हते.

संध्याकाळी सगळे ऐकत बायकोने इस्त्रीचा शर्ट कपाटात ठेवून दिला. मग म्हणाली, "अहो, तुम्ही खरंच काही केलं असतंत ना, तर मला इतकं वाईट वाटलं नसतं."

आता ही हकीगत तुम्ही पहिल्यापासून वाचली आहे. अटक कशासाठी झाली, किती वेळ टिकली, पंच कोण होता, सगळे तुम्हाला ठाऊक आहे. काकांच्या निर्दोषपणाची इतकी सविस्तर नोंद खुद्द ठाण्यातही नाही. व्हॅन रोज सकाळी तुमच्याच घरावरून जाते, रिकामी, सावकाश. खिडकीजवळची जागा आहे. तुमच्या मुलाचे नाव लिहून घेऊ ना?

घरी विचारून सांगता?

हो, हो, सावकाश सांगा. सगळे असेच म्हणाले.