हिरवा म्हणजे बिनसाखरेचा

पंधरा वर्षं दुकान चालवतोय, डबा नुसता बघून सांगतो आत काय आहे ते! माझ्याकडे मिळतो तो सगळ्यांच्या ओळखीचाच कोला, फक्त परदेशातून आलेला. त्यावरचं अक्षर वाचता येत नाही म्हणून गिऱ्हाईक आणखी खूश. कायद्यानं मात्र प्रत्येक डब्यावर आपल्या भाषेतली चिठ्ठी चिकटवावी लागते.

नवा माल आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, होलसेलवाल्याला विचारून चिकटवा."

"विचारायचंय काय त्यात? लाल म्हणजे साखरेचा, हिरवा म्हणजे बिनसाखरेचा. जगभर तसंच असतं." आणि सगळ्या हिरव्या डब्यांवर 'साखर नाही' चिकटवून मी मोकळा झालो.

समोरच्या मास्तरांना पंचवीस वर्षांचा मधुमेह. ते रोज एक हिरवा डबा नेऊ लागले. "काय चव आहे रे," म्हणायचे. माझी छाती फुगायची.

दोन महिन्यांनी मास्तरांच्या पायाची जखम चिघळली आणि अंगठा कापावा लागला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, खापर फोडलं सुनेवर. हीच चहात चोरून साखर घालते, असं त्या जिन्यात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. सून गुपचूप हॉस्पिटलात जेवण पोचवत राहिली.

परवा ती दुकानात आली. मास्तरांच्या पलंगाखाली सापडलेला रिकामा डबा तिनं माझ्यापुढे ठेवला. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"दादा, बिनसाखरेच्या डब्याला मुंग्या लागतात का हो?"

मी होलसेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "हिरवा? तिकडे तो सगळ्यात गोड." हिरवे डबे फळीवरून उतरवले आणि तसाच तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेलो. ती पडद्यामागे थांबली. मी मास्तरांचे हात धरून सगळं कबूल केलं. बोलताना रडू आलं, लपवत नाही.

मास्तर हसले. "वेड्या, मला पहिल्याच घोटाला कळलं होतं. पंचवीस वर्षांनी तोंड गोड झालं, ते सोडतोय होय?"

"अहो, पण घरात सुनेचं नाव..."

"असू दे. ती काही बोलत नाही. तूही बोलू नकोस."

पडदा सरकला.

त्या दिवशी ती बोलली. अर्धा तास सासऱ्यांना, आणि नर्सनं आम्हाला बाहेर काढल्यावर, थेट दुकानाच्या दारापर्यंत, मला.