सोफ्यावरचा दुसरा ठसा

समितीच्या खोलीत कोणीच बोलत नव्हतं. ती शांतता साधी नव्हती; भर वर्गात कोणाच्या तरी दप्तरात दुसऱ्याचं घड्याळ सापडल्यावर पसरते, त्या जातीची होती. पाचही सदस्य भिंतीवरच्या पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर खिडकीजवळचा रेक्झिनचा सोफा होता. रिकामा. निळ्या-जांभळ्या रंगात बुडालेला. आणि त्या निळाईच्या मधोमध, एकाच आभाळात दोन चंद्र उगवावेत तसे, शेजारी शेजारी दोन पिवळेधमक ठसे!

"एक ठसा अध्यक्षांचा," विरोधी पक्षाचे सदस्य सावकाश म्हणाले. "दुसरा कोणाचा?"

उष्णता टिपणारा कॅमेरा माझ्या हातात होता. मी एक पाऊल मागे सरकलो, तसे पडद्यावरचे चंद्रही मागे सरकले.

वाचकहो, त्याच सकाळी मी आमच्या ताईंना छातीठोकपणे म्हणालो होतो, "आज अख्ख्या समितीचे डोळे उघडतील!" ते उघडले. गरजेपेक्षा फार जास्त उघडले!

आमची संस्था लहान आहे. लोकप्रतिनिधींना हवामान आणि ऊर्जा यांविषयी माहिती पुरवणं, हे तिचं काम. कायदा त्यांनी करायचा. पण वीज कुठून येते, कुठे वाया जाते आणि उन्हाळा वर्षागणिक का लांबतो आहे, हे त्यांना मतासाठी हात वर करण्याआधी ठाऊक असावं, एवढीच आमची धडपड. संस्थेच्या प्रमुख ताई मूळच्या अभियंता. त्यांचं ब्रीद एकच: "आपण बाजू घेत नाही. आपण माहिती देतो." हे वाक्य त्या झोपेतही बोलत असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

मी आधुनिक कवितेचा पदवीधर. ताईंचे अहवाल माणसांना वाचता यावेत म्हणून मला नेमलं गेलं, आणि तेव्हापासून मी लिहिलेली प्रत्येक उपमा ताई ढेकूण चिरडावा तशी चिरडत आल्या आहेत. कार्यालयात मला कविराज म्हणतात. त्यात आदर किती आणि टिंगल किती, याचा छडा मी अजून लावतो आहे.

आता मूळ गोष्ट. इमारतींच्या विधेयकात एक कलम होतं: सरकारी शाळांच्या छपरांना आणि खिडक्यांना उष्णता अडवणारं अस्तर लावणं सक्तीचं करावं. पत्र्याखाली भाजून निघणाऱ्या पोरांसाठी ताई वर्षभर दारोदार ताटकळल्या होत्या. समितीत दोन मतं बाजूने होती, दोन विरोधात. बांधकाम व्यावसायिक खर्चाच्या नावाने बोंब मारत होते. उरले अध्यक्ष. त्यांच्या मनात काय आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं!

"आकडे नकोत, ताई," मी म्हणालो. "उष्णता दाखवूच! कविता अदृश्याला रूप देते, तसाच हा उष्णता टिपणारा कॅमेरा..."

"कविराज! तिथे उपमा द्यायची नाही. खिडकी दाखवायची, छत दाखवायचं, गप्प बसायचं."

आदल्या दिवशी सराव म्हणून कॅमेरा घरी नेला होता. बायकोने तो माझ्या डोक्यावर रोखला, बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, "इथे तर काहीच चालू दिसत नाहीये!" तो शुभशकुन नव्हता, हे आता कळतं.

समितीपुढे सुरुवात मात्र देखणी झाली. खोलीत थंड हवेचं यंत्र घुरघुरत होतं, तरी पडद्यावर खिडकीची चौकट निखाऱ्यासारखी दिसत होती आणि छत तव्यासारखं. विरोधी पक्षाचे सदस्य पुढे सरकले. यांना सगळे पाठीमागे शंकासुर म्हणतात. चहात साखर घालणाऱ्याचा हेतू काय, इथपासून त्यांची चौकशी सुरू होते. माजी मुख्याध्यापिका असलेल्या बाईंनी चष्मा पुसला. ही आमची दोन मतं. कलमाच्या विरोधातले दोन सदस्य डुलकी काढत होते. तेदेखील जागे झाले! ताईंनी मला खूण केली: बस, आता थांब.

आणि तिथे माझ्यातल्या कवीने घात केला. "उष्णतेला स्मरणशक्ती असते, महोदय!" मी गरजलो. "माणूस उठून जातो, पण त्याचं असणं मागे रेंगाळतं!" आणि झोकात वळून मी कॅमेरा सोफ्यावर रोखला. बैठकीआधी अध्यक्ष तिथे बसले होते, हे मला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक, एकाकी ठसा दाखवायचा होता.

"मी एकटाच बसलो होतो," अध्यक्ष आता म्हणाले. आवाज कोरडा.

"एकटेच? मग तुम्ही बरेच ऐसपैस बसत असणार!" शंकासुर उठून उभे राहिले. "सरळ सांगा ना, बांधकामवाल्यांचा माणूस येऊन गेला!"

"तोंड सांभाळून बोला!"

"माझं तोंड राहू द्या, तुमचा सोफा सांभाळा!"

"भांडू नका," बाई म्हणाल्या. वर्गावर नजर फिरवावी तशी त्यांनी पडद्यावर फिरवली. "कविराज की कोण तुम्ही, तो कॅमेरा जरा इकडे फिरवा." मी फिरवला. "यांच्या खिशात काय पेटलंय?"

शंकासुरांच्या छातीवर एक पांढरा चौकोन झळाळत होता.

"फोन आहे," शंकासुर म्हणाले.

"आत येताना बंद केला होता ना सगळ्यांनी?"

"बंदच आहे."

"बंद फोनला ताप येतो?"

फोन बाहेर निघाला. तो इमानेइतबारे सगळ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करत होता! "सवय आहे हो," शंकासुर पुटपुटले. "घरीसुद्धा करतो." त्यांच्या पत्नीविषयी मला अपार करुणा वाटली.

मग कोणाचाच कोणावर भरवसा उरला नाही. "खिडकीच्या पडद्यामागे कोणीतरी दबा धरून बसलंय!" डुलकीवाल्यांपैकी एक किंचाळले. ते इंटरनेटचं डबडं निघालं. दुसऱ्यांनी हळूच आपली खुर्ची भिंतीला टेकवली, पाठ कोणाला दिसू नये म्हणून. जो तो दुसऱ्याकडे 'तुझं कुठे तापलंय?' अशा नजरेने पाहत होता. ताई माझ्याकडे पाहत होत्या.

कारण दुसरा ठसा माझा होता!

ताई विसरलेली वायर आणायला फाटकापर्यंत गेल्या, तेव्हा खोलीत अध्यक्ष आणि मी दोघेच होतो. "तुम्ही कवितेचे ना?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. दार लोटलं. "बसा इथे. कोणाला सांगणार नाही ना? मला सगळे कणखर समजतात. बाहेर कळलं तर हसं होईल." आणि त्या कणखर माणसाने मला स्वतःची कविता ऐकवली. मी "वा!" म्हणालो. 'वा' हा शब्द बाजू घेतो की नुसती माहिती देतो, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मग सोफ्याकडे वळताना हे आठवलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. बायकोनेही विचारलं. उत्तर असं, की उष्ण वस्तूंची गणती करताना माणूस स्वतःला मोजतच नाही.

"ठसा माझा आहे," मी म्हणालो.

"अस्सं!" शंकासुर ताईंकडे वळले. "बाजू न घेणारी संस्था! बैठकीआधी बंद दाराआड अध्यक्षांच्या मांडीला मांडी लावून बसते! मी माझा पाठिंबा काढून घेतो. काय शिजत होतं?"

ताईंचा चेहरा पडला. वर्षभराचं ताटकळणं माझ्या बुडाखाली चिरडलं गेलं होतं. अध्यक्षांचे डोळे मला विनवत होते. मी ताईंकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"कविता," मी म्हणालो.

खोली हसली. शंकासुर सर्वांत मोठ्याने. "थाप मारायची तर निदान पटेल अशी तरी मारा!"

"खरं असेल तर म्हणून दाखवा," बाई अध्यक्षांना म्हणाल्या. शाळेत त्यांच्यापुढे कोणाची टाप नसणार, इथेही नव्हती. अध्यक्ष उभे राहिले. हात आपोआप पाठीमागे गेले.

"खिडकीतून आले ऊन, खुर्ची झाली तप्त,
तरी माझ्या मनी सखे, तूच आहेस फक्त."

पुन्हा शांतता. पण आधीची संशयाची होती, ही शोकसभेची.

"सखी कोण?" शंकासुरांनी विचारलं.

"पत्नी."

"नक्की?"

"नक्की!"

शंकासुरांनी त्या दोन ओळी बोटांवर मोजून पाहिल्या. मग हळूच खाली बसले. "माझं समाधान झालं," ते म्हणाले. "हे ऐनवेळी रचलेलं नाही. इतकं वाईट कोणी ठरवून रचू शकत नाही. माझा पाठिंबा कायम!"

पुन्हा दोन विरुद्ध दोन. मतदान चहानंतर.

व्हरांड्यात अध्यक्षांनी मला गाठलं. कान लाल होते, पण पाठ ताठ. "त्यांचं सोडा," ते म्हणाले. "तुम्ही या विषयातले. आत 'वा' म्हणालात, ते मनापासून होतं? खरं सांगा. कशी आहे?"

ताईंनी माझं कोपर इतक्या जोरात दाबलं की हात बधिर झाला. "कविराज," त्या माझ्या कानात कुजबुजल्या. आवाजात वर्षभराची धाप होती. "आज एक दिवस बाजू घे!"

मी तोंड उघडलं. 'वा' अगदी जिभेच्या टोकावर होता. पण त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीतरी संशय न घेता काही विचारत होतं. आणि ताईंनीच लावलेली सवय, ती अशी एका दिवसात कुठे सुटायला!

"साहेब," मी म्हणालो, "पहिल्या ओळीत ऊब आहे. पण ती दुसरीपर्यंत पोहोचत नाही. मधल्या मध्ये गळून जाते. अस्तर हवं."

ताईंनी कोपर सोडलं.

"आणि आमचं कलम, साहेब?" मी विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, शर्ट खाली ओढून नीट केला आणि ते मतदानाच्या खोलीकडे चालू लागले. माझ्या हातातला कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता. त्यात पाठमोरे अध्यक्ष निळे निळे होत दूर चालले होते. त्यांचे कान तेवढे, दोन्ही, पांढरेशुभ्र पेटले होते.