डाव्या सीटवरचा तांब्या

इनासभाऊंच्या गाडीत दोनच जागा होत्या आणि त्यातली एक तांब्याची होती.

तांब्या म्हणजे आपला नेहमीचा पितळी तांब्या. रोज सकाळी तो विहिरीवर काठोकाठ भरला जायचा. गाडीच्या डाव्या सीटवर पांढरा टॉवेल चौघडी घालून अंथरला जायचा आणि त्यावर तांब्या विराजमान व्हायचा. मागे डिकीवर चाफ्याच्या फुलांच्या करंड्या बांधल्या जायच्या. मग इनासभाऊ टोपी काढून क्रुसाची खूण करायचे आणि विरार स्टेशनकडे निघायचे. परत आल्यावर फुलांना काय भाव मिळाला हे ते कधी सांगत नसत. ते आधी टॉवेल उचलून ओटीसमोरच्या दोरीवर टाकत. तो किती भिजलाय ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं, आणि दूध घ्यायला जमलेल्या मंडळींना तेवढा विषय सकाळभर पुरायचा.

आणीबाणीच्या आगेमागे माझी देशावरून बदली झाली आणि आगाशीच्या अलीकडच्या एका गावात मी भूगोलाचा मास्तर म्हणून आलो. इनासभाऊंच्या वाडीतल्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. पहिल्याच रविवारी मला स्टेशनवर जायचं होतं. मालक गाडी काढत होते. मी म्हटलं, "मलाही सोडता का विरारला?"

"जागा नाय, मास्तर."

मी रिकाम्या सीटकडे पाहिलं. "कोणी यायचंय का?"

"आलाय ना," म्हणाले आणि तांब्याकडे बोट करून निघून गेले. त्या दिवशी मी सायकल घेतली.

गाडी मात्र बघण्यासारखी होती. विलायती, बसकी, लांब नाकाची, शर्यतीत पळायला केलेली. डोक्यावर छप्पर नाही. इनासभाऊंनी वीस वर्षं मुंबईत एका गोऱ्या साहेबाची ड्रायव्हरी केली. चार वर्षांपूर्वी साहेब कायमचा मायदेशी गेला आणि जाताना ही गाडी त्यांना देऊन गेला. वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे इनासभाऊ नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. जुन्या माणसाला दहाव्या मिनिटाला सांगत. अशी ही शर्यतीची गाडी ते बैलगाडीच्या मागे मागे न्यायचे. कोणी चेष्टा केलीच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "गाडी सालवायसी नाय, नेयसी."

चालवायची नाही, न्यायची. त्यांच्या घरच्या बोलीत 'च'चा 'स' होतो आणि 'स'चा 'ह'. मला हे कळायला महिना गेला. तोवर "सा घ्या" म्हटलं की मी काय घेऊ म्हणून इकडेतिकडे बघायचो, आणि चहा निवून जायचा. त्यांची पत्नी कतरीनबाय एकदा तांब्याकडे बघून म्हणाली, "ही माझी हवत." मी आपला वर हवेत बघू लागलो. तिला म्हणायचं होतं सवत.

ती म्हणायची ते खोटं नव्हतं. ती जागा खरं तर तिचीच होती.

कतरीनबाय चार वर्षं घराबाहेर पडली नव्हती. विहिरीवर पाय घसरून पडली आणि पाठीचा मणका दुखावला, असं साऱ्या गावाला माहीत होतं. घरात ती भिंतीला धरून हिंडायची, ओटीवर आरामखुर्चीत बसून चाफा निवडायची आणि नवऱ्याला टोमणे मारायची. पण टांगा, बस, काही चालत नसे. एक धक्का बसला की आठ दिवस अंथरूण. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तीसुद्धा फादर महिन्यातून एकदा घरी येऊन करत. माहेर पापडीकडे, जेमतेम पाच-साडेपाच मैलांवर, पण तेही तिला परदेशासारखं झालेलं.

डॉक्टरांना इनासभाऊंनी विचारलं होतं, हिला माहेरी कधी नेता येईल? डॉक्टर कावलेले होते. ते म्हणाले, "भरलेला तांब्या ठेवून न्या, पाणी सांडलं नाही तर बायकोला न्या." याचा अर्थ विसरा, असा होता. दुसरा कोणी असता तर समजला असता. इनासभाऊंनी वीस वर्षं साहेबाचा शब्द तंतोतंत पाळलेला. ते घरी आले आणि फडताळातून तांब्या काढला.

तेव्हापासून गाडीची सुधारणा सुरू झाली. अशा गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची एकावर एक चळत असते. मिस्त्रीलोक त्यांना पाटे म्हणतात. धक्का चाकाला बसला की तो आधी पाट्यांनी झेलायचा, मग माणसाने. इनासभाऊंचं म्हणणं, जितके पाटे जास्त तितका धक्का कमी. पाच होते त्यांचे सहा झाले, सहाचे सात. टांग्याचा एक, भंगारातल्या ट्रकचा एक कापून घेतलेला. शॉक-अप बदलले, रबरं बदलली. आणि दर सुधारणेनंतर टॉवेल आणखी भिजू लागला. सातवा पाटा बसवला त्या दिवशी तांब्या अर्धा रिकामा होऊन आला आणि इनासभाऊंची पँटही भिजलेली होती.

कतरीनबाय ओटीवरून म्हणाली, "आज हवत रागावली."

रस्त्याचा दोषही होताच. विरारपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला इनासभाऊंनी नाव दिलेलं होतं. फादरच्या बंगल्यासमोरचा तो 'उपास', कारण त्यात पोट रिकामं होतं. सरपंचाच्या दारातला तो 'आश्वासन', दर वर्षी भरणार म्हणून. 'मोठी बाय' आणि 'धाकटी बाय' या दोन जावा शेजारी शेजारी होत्या. फक्त एका जागेला नाव नव्हतं. पापडीकडे फाटा फुटतो तिथे चिंचेखाली आता खड्डाही नव्हता, कधीच बुजवून वर डांबर घातलं होतं. तरी तिथे ते गाडी पूर्ण थांबवत, टोपी काढून क्रुसाची खूण करत आणि मुंगीच्या चालीने ती जागा ओलांडत. मी विचारलं तर म्हणाले, "जुनी हवय." ही जुनी सवय मला जरा विचित्र वाटली, पण त्यांच्यात विचित्र नव्हतं असं काय होतं?

नाताळ तोंडावर आला आणि पापडीहून निरोप आला. कतरीनबायच्या भाचीचं लग्न ठरलं, जानेवारीत. ही भाची म्हणजे तिची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी कतरीनबायनेच तिला हातावर घेतलं होतं. त्यांच्या घराण्यात लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी आणून नवरीला न्हाऊ घालतात आणि पहिला तांब्या धर्मआईने ओतायचा असतो. कतरीनबायने निरोप ऐकला आणि म्हणाली, "तिच्या काकीला हांगा ओतायला." मग दिवसभर टोमणा नाही, काही नाही. चाफा निवडताना देठ एकीकडे टाकायचे ते फुलांत टाकत बसली.

इनासभाऊ माझ्या खोलीत आले. तसे ते कधी येत नसत. "मास्तर, तीन आठवडे हायत," म्हणाले. "आठवा पाटा घालतो."

आठवा पाटा आला, तो ओटीच्या दारामागे उभा करून ठेवला होता. सकाळी इनासभाऊ विहिरीवर तांब्या भरत होते. तिथूनच मला ओरडले, "मास्तर, ओटीवरसा पाटा डिकीत टाका! विरारला मिस्त्रीकडं बहवून घेतो."

मी ओटीवर गेलो. दारामागे बघायची बुद्धी मला झाली नाही. समोर भिंतीला टेकून एक पाटा उभा होता, काळ्या दगडाचा, मसाला वाटायचा. नाताळासाठी छिन्नीने टाकी लावून घ्यायला कतरीनबायने काढून ठेवलेला. मी देशावरचा माणूस. गाडीच्या पाट्यांविषयी नुसतं ऐकलेलं, पाटा म्हटल्यावर डोळ्यांना हाच माहीत. आता हा मिस्त्री दगडाला टाकीही लावतो का, अशी पुसट शंका आली, पण मालकांच्या कामात आपण कशाला बोला? मणभर ओझं कसंबसं उचलून डिकीत नेऊन घातलं. वरवंटाही ठेवला. उगाच अर्धवट काम नको.

तासाभराने गाडी परत आली. इनासभाऊ उतरले ते टॉवेल हातात घेऊन तसेच उभे. टॉवेल फक्त एका कोपऱ्याला ओला होता, रुपयाएवढा.

"मिस्त्रीसं दुकान बंद होतं," ते म्हणाले. "पाटा बहवलास नाय. तरी बघा. अजून न बहवताच गाडी हुधारली."

ही दैवी कृपा आहे अशी त्यांची खात्री होत होती. कतरीनबायने मात्र ओटीवरून विचारलं, "माझा पाटा कुठं गेला?" डिकी उघडली. आत पाटा आणि वरवंटा शेजारी शेजारी पहुडले होते.

इनासभाऊंनी पाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते म्हणाले, "मास्तर, बैलगाडी रिकामी असली की उडते. भरली की गप जाते. मी चार वरहं काय करत होतो?"

चार वर्षं ते फुलांचं ओझं वाहणाऱ्या गाडीला ट्रकचं बळ देत होते. हे कळल्यावर ते त्याच पावली विरारला परत गेले, या खेपेला मीही सायकलवर मागोमाग गेलो. मिस्त्रीचं दुकान मनवेलपाड्याच्या वाटेवर, एव्हाना उघडलेलं. मिस्त्री उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. इनासभाऊंनी त्याला समजावलं, "हातातले दोन काड. पास ठेव." म्हणजे सातातले दोन काढ, पाच ठेव. मिस्त्रीला एवढंच कळलं की हाताने दोन काढायचे आणि आपल्यापाशी ठेवायचे. त्याने दोन्ही बाजूंचे दोन दोन पाटे काढले आणि जपून आपल्या पास ठेवले. कामात काही चूक झाली नाही. चार वर्षांच्या सुधारणेनंतर गाडी साहेबाने दिली होती तशी झाली, शिवाय डिकीत एक पाटा.

त्या नाताळला घरचा मसाला शेजारणीच्या पाट्यावर वाटला गेला. पण टॉवेल रोज कोरडा येऊ लागला. सलग दहा दिवस. दुधावरची मंडळी निराश झाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी तांब्या पहिल्यांदा सीटवरून उठला आणि कतरीनबाय बसली. तिने जरीकाठी लाल लुगडं नेसलं होतं. टॉवेल मांडीवर घेतला, त्यावर तांब्या. घरच्या विहिरीचं पाणी भाचीला घालायचं असं तिने ठरवलं होतं. "हवतीला मांडीवर घेऊन सालले," ती मला म्हणाली. आहेराची पिशवी माझ्या सायकलला. गाडी इतकी सावकाश चालली होती की मला ब्रेक धरावा लागत होता.

'उपास' गेला. 'आश्वासन' गेलं. दोन्ही बाया गेल्या. चिंचेपाशी गाडी थांबली. मला वाटलं, नेहमीप्रमाणे खूण करतील आणि निघतील. पण इनासभाऊंनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान खाली. मी सायकल टेकवून जवळ गेलो, मदत हवी असेल म्हणून.

"कतरीन," ते म्हणत होते, "हितंस..."

"हितं काय? हितं सिंसेसं झाड हाय."

"त्या दिवशी मी तुला दाखवायला म्हणून... गाडी इतकी सालवली... खड्डा दिहलास नाय..."

"मी विहिरीवर पडले," कतरीनबाय म्हणाली. तिने मागे वळून माझ्याकडेही पाहिलं, मी ऐकतोय हे तिला ठाऊक होतं. "हगळ्या गावाला ठावं हाय. मास्तरांनापन ठावं हाय. होय का नाय, मास्तर?"

"हो," मी म्हटलं.

वीस वर्षांत ओरखडा नाही, असं म्हणणाऱ्या माणसाचं ते नाव तिने चार वर्षं विहिरीच्या काठावर असं सांभाळून ठेवलं होतं. एवढं तिथे उभ्या उभ्या मला कळलं, आणि ते तिथे टोपी का काढत तेही कळलं.

"आता सल," ती म्हणाली. "पोरगी खोळंबलीय. मना नेयसं हाय ना? मग ने."

इनासभाऊंनी गाडी सुरू केली. ती जागा गाडीने मुंगीची चाल न धरता ओलांडली, आणि मला पहिल्यांदाच पायडल मारायला लागलं.

पापडीला मांडवात कतरीनबायला चौघींनी धरून उतरवलं. तिने भाचीच्या डोक्यावर तांब्या ओतला, पूर्ण, काठोकाठ भरलेला. बाया गात होत्या. इनासभाऊ गाडीपाशी उभे राहून नाक शिंकरत होते. टॉवेल सीटवरच राहिला होता. सवयीने मी तो उचलून पाहिला. तांब्यातला एक थेंब सांडला नव्हता, तरी टॉवेलची दोन्ही टोकं ओलीचिंब होती, तिच्या बाजूचं आणि त्यांच्या बाजूचंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधापाशी सगळ्यांनी मला घेरलं. काय मास्तर, कालचा टॉवेल?

"कोरडा," मी म्हणालो. "ठणठणीत कोरडा."