सत्तावन्नाव्या अंकातला रिकामा फुगा

गुप्तहेराच्या कार्डावर त्याचं नाव सगळ्यात शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. त्याच्या आधी ‘गुन्हेगारांचा कर्दनकाळ’, ‘तर्काचा महामेरू’ आणि ‘सूक्ष्म निरीक्षणात हातखंडा’ एवढं सगळं बसवायचं होतं. एकतीस वर्षं त्याने लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर आपल्याला माणसंही वाचता येतात असं त्याच्या मनाने घेतलं. “मीटरला थाप मारता येत नाही,” तो म्हणायचा, “आणि मला मारलेली पचत नाही.” प्रत्यक्षात कालची भाजी बायको आजची म्हणून वाढायची, आणि तो बोटं चाटत वाखाणायचा.

ही बायकोच त्याची सहायक. पगार नाही, रजा नाही. भिंग, मोजपट्टी आणि त्याच्या गुडघ्याचं मलम पिशवीत घालून मागे चालायचं. एरवी ती कुरकुरत निघायची. आज मात्र तीच त्याच्या आधी चपला घालून दारात उभी होती, आणि सूक्ष्म निरीक्षणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

तिला कारण होतं. चाळीस वर्षांपूर्वी ‘पोलादवीर’ नावाचं चित्रकथांचं मासिक घरोघरी वाचलं जायचं. संपादक गोष्ट लिहायचे, चित्रकार चित्रं काढायचा, आणि पात्रांच्या तोंडचे शब्द पांढऱ्या चिठ्ठ्यांवर लिहून, कापून, डिंकाने फुग्यांत चिकटवायचं काम एक बावीस वर्षांची मुलगी करायची. ती मुलगी म्हणजे हीच. सत्तावन्नाव्या अंकाच्या शेवटच्या पानावर पोलादवीर शत्रूला लोळवून गच्चीवर उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यावरचा फुगा रिकामाच छापला गेला. “लिहायला विसरलीस,” असं म्हणून संपादकांनी तिला घरी बसवलं. मी लिहिलं होतं, असं ती रडून सांगत होती. पण ऐकतो कोण! महिन्याभरात वाचकांची पत्रं आली, काय ते मौन, कसली ती प्रतिभा! संपादकांनी सगळे हार गळ्यात घालून घेतले. मुलीला परत बोलवायचं तेवढं राहून गेलं.

आपण खरंच विसरलो होतो का, हे तिला चाळीस वर्षं टोचत होतं. नवऱ्याला तिने हे लग्नाआधी एकदा आणि नंतर दोनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा तो स्वतःबद्दल बोलत होता.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या संध्याकाळी ‘पोलादवीर’चं प्रदर्शन उघडणार होतं, आणि दारावर लावायची पाटी अजून अर्धवट होती. ‘थोर मौनाचे जनक’ एवढं लिहून पुढे जागा कोरी. त्या कोऱ्या जागेवरून चाहत्यांचे दोन तट पडले होते. कुठलाच तट हटेना, तेव्हा त्यांनी गुप्तहेराला बोलावलं. तो फुकट येतो, हे त्याच्या निवडीचं एकमेव कारण होतं.

“संपादकच!” पहिल्या तटाचा म्होरक्या दंतवैद्य म्हणाला. त्या एका फुग्यावर त्याने तीनशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. “ज्याने जन्मभर फुगे ठासून भरले, त्याने एक रिकामा सोडला. याला तपश्चर्या म्हणतात.”

“तपश्चर्या कसली, चोरी!” दुसऱ्या तटाच्या बाई गाडी चालवायला शिकवायच्या. त्यांनी तो फुगा दंडावर गोंदवून घेतला होता. “चित्रकाराने शब्दांना मुद्दाम हाकललं. तो बिचारा गेला आणि हे अजून हयात आहेत, एवढंच यांचं कर्तृत्व!”

हयात असलेले संपादक खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. वय ब्याऐंशी. “सगळे म्हणतात, म्हणजे केलं असेल मीच,” ते म्हणाले.

“कोणी कशाला हात लावायचा नाही!” असं ओरडून गुप्तहेराने गठ्ठ्यात हात घातला. सत्तावन्नाव्या अंकाच्या मूळ पानांचा हा गठ्ठा त्या सकाळीच संपादकांच्या माळ्यावरून खाली आला होता आणि त्याची गाठसुद्धा जुनीच होती. गुप्तहेराने शेवटचं, चोविसावं पान हुंगलं. “लिंबाचा रस! अदृश्य शाई! ऊब दिली की अक्षरं उमटतील.” त्याने पान टेबलावरच्या दिव्याला टेकवलं. पानाचा कोपरा तपकिरी झाला आणि दंतवैद्य किंचाळला.

“काही उमटलं नाही,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे शाई फारच अदृश्य आहे.” मग त्याने मोजपट्टी काढून फुगा मोजला, आणि लगेच दंतवैद्याचं तोंड मोजलं. “साडेचार आणि साडेचार! आता बोला!”

“अहो, मी तेव्हा सात वर्षांचा होतो.”

“वय ही जुनी पळवाट आहे.”

“अहो, जरा ते तेविसावं पान उलटं करा ना,” बायको म्हणाली.

“अगं, थांब, तर्क चाललाय.” पण बोलता बोलता त्याने ते पान उलटलंच. पाठीवर पिवळट डाग होता. त्याने भिंग लावलं आणि आनंदाने त्याचा गुडघासुद्धा दुखायचा थांबला. “चहा! संपादक चहा पीत होते, गुंगीचं औषध घातलेला चहा, आणि शब्द लिहिण्याआधीच...”

“मी चहा पीत नाही,” संपादक म्हणाले.

“बघा, आत्तापासूनच नाकबूल! चहा आणणाऱ्याला धरलं पाहिजे!” आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या चहावाल्याला पकडायला तो तडक जिना उतरला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा त्याने गुडघा धरत घातला.

बायकोने ते पान जवळ ओढलं. डागाच्या चारही कडा सरळ होत्या. चहा काही कात्रीने कापल्यासारखा सांडत नाही. तिने नख घालून कड उचलली, आणि डाग चिठ्ठी होऊन सुटला. उलटी चिकटलेली चिठ्ठी तिने सुलटी केली. अक्षर तिचंच होतं.

‘उशीर झाला. आता घरी गेलं की बोलणी बसणार!’

“हे... पोलादवीर म्हणतो?” दंतवैद्याने कसंबसं विचारलं. तीनशे पानं त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

“मी विसरले नव्हते,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. “मी चिकटवलं होतं. डिंक ओला असतानाच कोणीतरी पानं एकावर एक दाबली आणि चिठ्ठी वरच्या पानाच्या पाठीला गेली. गठ्ठा कोण बांधायचं?”

“मीच,” संपादक म्हणाले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तू अक्षरवाली पोर ना? मी तुला काढलं होतं.”

“हो.”

“पुढे पत्रं आली, हार आले... मग काय बोलणार? चुकलं माझं.”

हे कोणी ऐकलं नाही, कारण दोन्ही तट सावरले होते. “म्हणजे गठ्ठा बांधून मौन घडवलं ते संपादकांनीच!” दंतवैद्य गरजला. “डिंकाची बाटली चित्रकाराची होती!” बाईंनी टेबलावर मूठ आपटली.

संपादकांनी पाटी उलटी करून तिच्यापुढे सरकवली. “या बाजूला तू लिही.”

तिने त्याच जुन्या वळणात लिहिलं. कथा, आणि संपादकांचं नाव. चित्रं, आणि चित्रकाराचं नाव. मग तिसरी ओळ, जी एकाही अंकात कधी छापली गेली नव्हती. अक्षरं, आणि पुढे तिचं तेव्हाचं, माहेरचं नाव.

तेवढ्यात गुप्तहेर धापा टाकत वर आला. “चहावाला फरार आहे!” मग त्याला पाटी दिसली. तिसऱ्या ओळीवर भिंग थबकलं. सासऱ्यांना तो जन्मभर सासरेबुवा म्हणत आला होता आणि बायकोला अगं.

“थांबा! ही बाई कोण? चाळीस वर्षं लपून राहिलेली मुख्य संशयित! अगं, नाव टिपून घे. हिला शोधून काढतो की नाही बघ.”

“शोधा सावकाश,” तिने पेनाला टोपण लावलं आणि मलमाची पिशवी त्याच्या हातात दिली. “मी निघते. तुम्हाला मात्र उशीर झाला तर घरी बोलणी बसतील.”