मोघे आणि मधली वळणं

मोघ्यासमोर कुणी काही सांगायला लागलं की तो हात वर करून थांबवायचा. "सुरुवात सांग, शेवट सांग आणि मधे गाडी सगळ्यात जास्त कुठं भरकटली ते सांग. बाकीचं गाळ!" आमच्या कामतने मोठ्या हौसेने स्वतःच्या लग्नाची हकीकत काढली, तर हा म्हणाला, "मुलगी पाहिली, लग्न झालं. मधे आडवं कोण आलं?"

"सासरे."

"मग सासरे ठेव. बाकीचं गाळ." कामत आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या आमच्या कंपनीत आम्ही कागदावरचे नकाशे कॉम्प्युटरमध्ये भरत होतो. किनाऱ्याची रेघ म्हणजे हजारो बिंदू, आणि मशीनचं पोट चिमणीएवढं. खालून वर रेघ काढता काढता ते मालाडला फतकल मारून बसायचं. पुढची मुंबई गायब! सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. नकाशा पुरा दिसला नाही तर काम हातचं जाणार आणि आमचा विभाग बंद होणार. आम्हा सगळ्यांचं धाबं दणाणलं होतं.

मोघे मात्र खुशीत. त्याने टेबलावर नकाशा पसरला, किनाऱ्याच्या दोन टोकांना टाचण्या खोचल्या आणि मधे पतंगाचा दोरा ताणला. "दोऱ्यापासून सगळ्यात लांबचा बिंदू कुठला? तो ठेवायचा. तिथं टाचणी मारून दोन्ही बाजूंना पुन्हा तेच. दोऱ्याला लगटून आहेत ते सगळे गाळायचे!" हेच त्याने प्रोग्रॅममध्ये घातलं.

सोमवारी गिऱ्हाइकासमोर हिरवी रेघ कुलाब्याहून निघाली. मालाड आलं. आम्ही श्वास रोखून धरला. मालाड गेलं, बोरिवली गेली आणि रेघ थेट वसईच्या खाडीला भिडली! कामत खुर्चीवर चढून ओरडला, "मोघ्या, झकास रे!" गिऱ्हाइकाने तिथल्या तिथं काम दिलं. मला तर आनंदाने रडूच आलं.

साहेब मात्र पडद्याशी वाकले. "मोघे, गोराईजवळ ही एवढीशी खाच कशी राहिली? तुमच्या नियमाने जायला हवी."

"मी हाताने परत घातली, साहेब."

"मग गाळा की."

"नाही. ती राहील."

संध्याकाळी मी त्याला गाठलं. "काय रे, आज हे काय नवीन?"

मोघे प्लॉटरवर छापलेला नकाशा गुंडाळत होता. "तिथं धक्क्यापाशी माझी धाकटी बहीण राहते. गोराईच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं तिनं. तेव्हापासून आमच्या पार्ल्याच्या घरात तिचं नाव काढायची सोय नाही. मी दर रविवारी होडीने जातो. घरी सांगतो, ऑफिसात जादा काम आहे."

त्याने सुरळीला जपून रबर लावलं.

"हा तिला नेऊन देणार. म्हणणार, सुमे, बघ, तू आहेस नकाशात."