एकशे ऐंशी हिरवे चौकोन

आमच्या कार्यालयात रोज सकाळी नऊ वाजता एक कोडं येतं. प्रोग्राम लिहून ते संध्याकाळी पाचपर्यंत सोडवलं, की भिंतीवरच्या पडद्यावर आपल्या नावापुढचा त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. नाही सोडवलं तर पांढरा राहतो. उपक्रम पूर्णपणे ऐच्छिक आहे. ज्यांची इच्छा नसेल, त्यांनी ती का नाही हे लेखी कळवायचं असतं.

मी रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी अट समजावून सांगितली. पहिले सहा महिने तात्पुरती नेमणूक. त्या काळात सलग एकशे ऐंशी चौकोन हिरवे झाले, तरच नोकरी कायम.

"रविवारीसुद्धा, सर?"

"रविवारी तुमचं डोकं बंद असतं का?"

"नाही. आणि काम कसं मोजतात?"

"काम काय, होतच असतं," साहेब म्हणाले. "मोजायचं असतं ते सातत्य."

विज्ञानाची पदवीधर असल्यामुळे मोजता येणाऱ्या गोष्टींबद्दल मला आदर आहे. मी कामाला लागले, म्हणजे कोड्यांना.

त्रेचाळिसाव्या दिवशी ताप आला. आजारपणाची रजा मिळाली, पण ती कामापुरती. कोड्यातून रजा घेण्याची तरतूद नव्हती. मी अंथरुणातून सांगत गेले आणि आई एका बोटाने टाइप करत गेली. आईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे.

"हे तुमच्या ऑफिसात कशाला लागतं गं?"

"कशालाच नाही."

"मग आज राहिलं तर?"

"नोकरी जाईल."

आईने पुढची ओळ लिहिली.

शंभरीच्या आसपास असं निदर्शनास आलं, की दैनंदिन कामामुळे कोड्यांत व्यत्यय येतो. लगेच परिपत्रक निघालं. काम दुपारी चार ते पाच याच वेळेत करावं आणि तेही ज्यांचा चौकोन हिरवा झाला आहे, त्यांनीच. पडदा इतका हिरवागार झाला, की पाहुण्यांना आधी तोच दाखवत.

त्याच सुमारास एका दातांच्या दवाखान्यातून फोन येऊ लागले. तिथल्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आमचं. दोन पेशंटनी एकाच क्षणी बटण दाबलं, की ते दोघांनाही तीच वेळ देत असे.

"अगं, माझ्यासमोर दोघं बसलेत," स्वागतकक्षातल्या ताई म्हणाल्या. "दोघांकडे साडेदहाचा मेसेज. खुर्ची एकच. एकाची दाढ ठणकतेय, दुसऱ्याचीही ठणकतेय. मी काय, कोणाची जास्त ठणकतेय ते विचारू?"

"तक्रार नोंदवली आहे, ताई."

"ती मागच्या महिन्यातही नोंदवली होतीस. नोंदवायला छान शिकलीयेस तू."

मी ती तक्रार घेऊन सगळ्या टेबलांवर फिरले. सहकारी सहानुभूतीने ऐकत आणि पडद्याकडे बघत. शेवटी मला एक युक्ती सुचली: हीच अडचण कोडं म्हणून द्यायची.

साहेबांनी मसुदा वाचला. "यात दवाखाना आहे."

"हो, सर."

"पेशंट आहेत. कोड्यात खरी माणसं नकोत. लोकांचं लक्ष विचलित होतं."

मग मी असं लिहिलं: नदीत एक नाव आहे. नावेत एकच जागा. दोन्ही काठांवरून दोन प्रवासी एकाच क्षणी जागा मागतात. ज्याला होकार दिला त्याला नंतर नकार देण्याची वेळ कधीही येता कामा नये. कसं कराल?

वीस मिनिटांत एक्केचाळीस उत्तरं आली. सर्वात सुबक उत्तर तीन ओळींचं होतं. ते लिहिणाऱ्याला टाळ्या आणि कॉफीचा एक मग मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याच्याकडे धावत गेले.

"या तीन ओळी दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकूया?"

"ते कोडं?" तो म्हणाला. "ते कालचं झालं ना आता."

एकशे एकोणऐंशीव्या दिवशी ताईंचा पुन्हा फोन आला. कोणीतरी रागाने खुर्चीच अडवून बसलं होतं. मी कोडं न उघडता त्या तीन ओळी स्वतः टाकायला घेतल्या. त्याला अर्धा तास लागला. पण नियमाप्रमाणे दोन सहकाऱ्यांनी ते तपासून संमती द्यावी लागते. पहिला म्हणाला, "माझं कोडं होऊ दे." दुसरा म्हणाला, "पहिल्याचं होऊ दे." दुसरी संमती पाचला दोन मिनिटं कमी असताना मिळाली. दवाखाना सुरळीत झाला. माझा चौकोन पांढरा राहिला.

दुसऱ्या दिवशी खुलासा मागवण्यात आला. चौकोन पांढरा राहण्याचं कारण, या रकान्यात मी लिहिलं: काम करत होते.

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही प्रामाणिक आहात, म्हणून सांगतो. आजारी होते, असं लिहिलं असतं तर विचार करता आला असता. कामाला सबब म्हणून मान्यता दिली, तर उद्या सगळेच करतील."

"म्हणजे नोकरी गेली, सर?"

"छे. तुमचे एकशे ऐंशी दिवस उद्यापासून पुन्हा सुरू."

आज पहिला दिवस. नऊला कोडं आलं, तेवढ्यात फोन वाजला. फोनवर दवाखान्याचा नंबर होता. आभार मानायला असेल, किंवा आणखी काही बिघडलं असेल. मी तो वाजू दिला आणि कोडं सोडवत राहिले. आठव्यांदा वाजून तो थांबला आणि माझा चौकोन हिरवा झाला.

तुम्ही मला नावं ठेवाल, हे मला माहीत आहे. पण नावेचं कोडं वाचताना तुम्हीही क्षणभर थांबून प्रवासी बसवून पाहिलेत आणि पुढे त्या तीन ओळी कुठे दिल्यात का, हेही शोधलंत. दवाखान्यातल्या त्या दोघांपैकी कोणाची दाढ आधी काढली, हे मात्र तुमच्यातल्या एकानेही विचारलं नाही.